घेवड्याचा वेल

नोकरीसाठी साकडं घालायला आलेली मंडळी आम्हा नरसोबाच्या वाडीकरांना लांबूनच ओळखू येतात. लग्न ठरावं म्हणून आलेल्यांच्या सोबत दोन-तीन बायका असतात आणि त्या सगळ्या एकदम बोलत असतात. आजारपणासाठी आलेल्यांच्या हातात एक्स-रेची मोठी पिशवी असते. नोकरीवाला मुलगा मात्र आईवडिलांच्या दोन पावलं मागं चालतो. पायऱ्या उतरताना, प्रदक्षिणा घालताना, प्रसादाच्या रांगेत त्याचा अंगठा मोबाइलवरच असतो. मेल आलंय का, एवढंच बघायचं असतं. आई कुणा ओळखीच्या पुजाऱ्याला गाठून हळूच विचारते, “ह्याला काय वाचायला सांगू?” उत्तर ठरलेलं असतं. अठरावा अध्याय. रोज एकदा, अंघोळ करून.

गुरुचरित्राचा अठरावा अध्याय आमच्या अंगणातला म्हणावा असा आहे. त्यातलं अमरापूर म्हणजे कृष्णेवरचा पूल ओलांडला की लागतं ते औरवाड. तिथल्या एका गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घरातली माणसं त्या शेंगांवर भागवायची. श्रीगुरू नृसिंहसरस्वती त्यांच्याकडं भिक्षेला आले, तीच भाजी जेवले, आशीर्वाद दिला आणि निघताना दारातला वेल तोडून टाकला. घरातली बाई रडायला लागली. पोराबाळांच्या तोंडचा घास गेला ना. नवऱ्यानं तिची समजूत घातली, राहिलेलं मूळ काढायला म्हणून जमीन खणली, तर खाली धनाचा हंडा. दारिद्र्य फिटलं. म्हणून नोकरीसाठी हा अध्याय.

वाचू नका असं मी म्हणत नाही, मीही वाचलाय. माझी तक्रार वेगळी आहे. आपण हंडा वाचतो, वेल वाचत नाही. ज्या वेलानं आजवर घर जगवलं तोच आधी तोडावा लागला, हे त्या गोष्टीतलं सगळ्यात अवघड वाक्य आहे, आणि रोजच्या पाठात ते जिभेवरून घसरून जातं.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. बरीच वर्षं पुण्यात काढली, आता घरून काम करायची मुभा आहे म्हणून महिन्यातले निम्मे दिवस वाडीत असतो. कंपनी मोठी आहे, नाव सांगायचं कारण नाही. तिथं रोजच्या कामाबरोबर नव्या इंजिनिअरांच्या मुलाखती घेण्याचं काम कैक वर्षं माझ्याकडं आहे. शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली, अशा आपल्या भागातली मुलं समोर आली की माझं लक्ष नकळत जास्त असतं. ती कशात अडकतात? गावात विचारलं तर कुणी इंग्रजी म्हणतं, कुणी वशिला, कुणी नशीब. इंग्रजीची अडचण खरी आहे, खोटं कशाला बोला. पण मोडक्यातोडक्या इंग्रजीत पार झालेली मुलं मी पुष्कळ पाहिलीत. गप्प बसून पार झालेला एकही पाहिला नाही.

मोठ्या कंपनीतली मुलाखत कशी असते हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं. त्यांच्या डोळ्यांपुढं जुनी सरकारी मुलाखत असते. टेबलामागं चार साहेब, समोर एक खुर्ची, पालकमंत्र्यांचं नाव काय, जिल्ह्यात तालुके किती. इथं आधी ऑनलाइन चाचणी, ती पार झाली की चार-पाच राउंड, प्रत्येक पाऊण तास ते तासाभराचा. समोर एकच माणूस. तो एक प्रश्न टाकतो आणि मुलानं तो त्याच्या देखत सोडवायचा, कोड लिहायचा. प्रश्न मुद्दाम अर्धवट सांगितलेला असतो. आकडे किती आहेत, यादी रिकामी आली तर काय, ऋण संख्या असू शकतात का, हे मी सांगत नाही. ते तो विचारतो का, हेच मला बघायचं असतं. तो बोलत असतो तेव्हा मी टिपणं काढत असतो. अनेक मोठ्या कंपन्यांत घ्यायचं की नाही हे मुलाखत घेणारा एकटा ठरवत नाही. सगळ्यांची टिपणं वाचून दुसरीच माणसं ठरवतात, आणि त्यांनी त्या मुलाचं तोंडही पाहिलेलं नसतं. आता मुलगा अकरा मिनिटं गप्प बसला तर माझ्या कागदावर अकरा मिनिटं कोरी. त्या वेळात त्याच्या डोक्यात काय सोनं चाललं होतं, ते मी कुठनं आणू?

अकरा मिनिटं हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. गेल्या पावसाळ्याआधी ओळखीच्या एका पेढेवाल्यांचा मुलगा माझ्याकडं आला. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. “काका, एकदा माझा मॉक इंटरव्ह्यू घ्या.” वरच्या खोलीत बसलो. मी सगळ्यात पहिला, सगळ्यांना पाठ असलेला प्रश्न टाकला. आकड्यांची एक यादी आहे, त्यातले असे दोन आकडे शोध की त्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी येईल. पोरानं दोन मिनिटांत हॅशमॅप वापरून उत्तर लिहून दिलं. अक्षर न अक्षर बरोबर. मग मी म्हटलं, छान. आता समज, यादी आधीच चढत्या क्रमानं लावलेली आहे आणि जादा मेमरी वापरायची नाही. कसं करशील?

तो गप्प झाला. आधी मान खाली. मग खिडकीकडं. मग पेनचं टोपण काढ-घाल. मी घड्याळ बघत होतो. चार मिनिटांनी मी म्हटलं, “काय विचार करतोयस ते बोल की.” तो म्हणाला, “हो सर.” घरात काका, खुर्चीवर बसलो की सर. पुन्हा गप्प. अकरा मिनिटांनी मीच थांबवलं. नंतर कळलं की निम्मी वाट त्याला सापडली होती. “मग बोलला का नाहीस?” तर म्हणाला, “पूर्ण येत नव्हतं ना.”

मी त्याला खाली त्यांच्या दुकानात घेऊन गेलो. आई गल्ल्यावर होती. म्हटलं, हे बघ, गिऱ्हाईक आलंय. हातात पाचशेची एकच नोट. तुझ्याकडं सुटे नाहीत. त्याला दोन जिन्नस द्यायचेत, बरोबर पाचशेचे. कुठले देशील? पोरगं क्षणाचाही वेळ न घेता म्हणालं, “एकाच जिनसाचे दोन डबे चालतील का त्याला? आणि बरोबर पाचशे बसतच नसतील तर? जवळपासचं देऊ का परत पाठवू?”

हेच. मुलाखतीत जे प्रश्न विचारावेत म्हणून मी अर्धवट प्रश्न टाकून बसतो ते नेमके हेच दोन. दोन्हींचे माझ्या कागदावर गुण होते. वरच्या खोलीत एकही प्रश्न न विचारणारा मुलगा खालच्या फळीवर, मराठीत, आईसमोर, न शिकवता ते विचारत होता. आईनं तर गंमतच केली. “त्यात काय एवढं, तीनशेवीसचा हा डबा धरला की राहिले एकशेऐंशी. एकशेऐंशीला कवठाची बर्फी.” एकशेऐंशीला काय येतं हे बाई फळीवर शोधत बसत नाहीत, दरावरून जिन्नस त्यांना थेट आठवतो. त्यांच्या मुलानं दोन मिनिटांत घोकून लिहिलेला हॅशमॅप तो हाच. तो त्याच्या आईच्या डोक्यात होता आणि त्याला पत्ता नव्हता. मग मी डबे किमतीप्रमाणं ओळीनं मांडायला लावले. एक बोट सगळ्यात स्वस्त डब्यावर, दुसरं सगळ्यात महागावर. बेरीज जास्त झाली तर महागाचं बोट अलीकडं, कमी पडली तर स्वस्ताचं पलीकडं. दोन बोटं एकमेकांकडं सरकत गेली आणि पोराचा चेहरा उजळला. वरच्या खोलीत अकरा मिनिटं शोधत होता ते हे.

तर बुद्धी कमी पडली नव्हती. इंग्रजीही नव्हती, कारण वरच्या खोलीत आम्ही मराठीतच बोलत होतो. मग काय आडवं आलं? खोलीत शिरताना त्यानं स्वतःचं तोंड बंद करून घेतलं होतं, ते. आणि ते बंद करायला त्याला आपण सगळ्यांनी मिळून, लहानपणापासून, मोठ्या प्रेमानं शिकवलंय.

आपल्या घरातली वाक्यं आठवून बघा. मध्येच तोंड घालू नको. मोठी माणसं बोलताना गप बस. विचारलं तेवढंच सांग. शहाणपणा शिकवू नको. मराठीत ‘शहाणा’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, याचा कधी विचार केलाय? “फार शहाणा आहेस” हे ऐकून कुठलं पोर खूश झालंय? शाळेत हात वर करायचा तो उत्तर येत असेल तर. येत नसताना हात वर केला की वर्ग हसतो, आणि खेदाची गोष्ट, कधी कधी गुरुजीही हसतात. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द आपल्या मुलांच्या तोंडून काढून घेतले की मागं उरतं ते मौन. मौनाला आपण संस्कार म्हणतो, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर त्याचं कौतुक करतो. “आमचा अगदी शांत हो, कधी वर मान करून बोलत नाही.”

आणि या मौनाशेजारी आपण लावला तो वेल. एकवीस अपेक्षित. दहावीला तो लावला, बारावीला त्याला क्लासचं खत घातलं, आणि त्यानं गुणांच्या शेंगा दिल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेंगांवर कितीक घरांचं भागलं. प्रश्न येणार ते ठाऊक, उत्तर ठाऊक, सुवाच्य अक्षरात उतरवायचं. इंजिनिअरिंगला गेल्यावर पोरं शोधतात तीही नवी अपेक्षितच. लीटकोड नावाच्या ठिकाणी मुलाखतीच्या प्रश्नांचा डोंगर आहे आणि त्यातून निवडलेली ‘ब्लाइंड सेव्हन्टी-फाइव्ह’ नावाची यादी जगभर फिरते. पंच्याहत्तर प्रश्न घोकले की झालं! सराव म्हणून यादी उत्तम आहे. पण मी तोच प्रश्न एका अंगानं जरा वाकवला की घोकलेलं उत्तर गळून पडतं आणि खाली उरतो गप्प बसलेला मुलगा. हा वेल या दारात पुढं फळणार नाही. तोडायला जड जातं, कारण आजवर त्यानंच खायला घातलंय.

या मौनाची किंमत नुसती एका राउंडपुरती नसते. जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हाची गोष्ट. वाडीला पाणी नवं नाही. नदीचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा आम्ही दक्षिणद्वार सोहळा म्हणून स्नानाला जातो. पण त्या वेळी, दोन वर्षांपूर्वी २०१९ ला झालं होतं तसंच, पाणी घराघरांत आलं. माहितीतल्या एका मुलीच्या घरची सगळी जयसिंगपूरला नातेवाइकांकडं गेली. लॅपटॉप पिशवीत, वीज जाऊन-येऊन, रेंजचा पत्ता नाही. त्याच आठवड्यात तिची एका मोठ्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. ती हजर राहिली नाही. मी नंतर विचारलं, एचआरला दोन ओळींचं मेल का टाकलं नाहीस? मोबाइलवरून जात होतं की. ती म्हणाली, “सबब सांगतेय असं वाटलं असतं.”

गावात पाणी शिरलंय, तारीख पुढं द्याल का, हे विचारणं तिला सबब वाटलं. मी त्या बाजूला बसणारा माणूस आहे. तारीख बदलून मागणारी मेलं आमच्याकडं रोज येतात. ताप आला, परीक्षा आहे, मांजर आजारी आहे म्हणूनसुद्धा. बंगळूर-मुंबईतली मुलं मांजरासाठी तारीख मागतात आणि त्यांना ती मिळते. आमच्या मुलीनं महापुरासाठी मागितली नाही. यात तिचा काय दोष? हक्कानं विचारायची सवय ज्या घरात असते तिथली मुलं विचारतात. वडील इंजिनिअर, आई कुठंतरी मॅनेजर, जेवणाच्या ताटावर वादावादी चालते, त्या घरातला मुलगा खरं तर वीस वर्षं मुलाखतीचा सरावच करत असतो. आमच्याकडं ताटावर बोललं तर म्हणतात, जेवताना बोलू नये.

म्हणून हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, न्यायाचा आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. आपण ती तारीख लक्षात ठेवतो, जयंतीला भाषणात सांगतो. पण त्याच्या आदल्या वर्षीपासून महाराजांनी कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं उभारायला सुरुवात केली होती, ते कमी सांगितलं जातं. नुसती जागा ठेवून भागत नाही, जागेपर्यंत पोचायची तयारी ज्यांच्या घरात होत नाही त्यांच्यासाठी ती घराबाहेर कुठंतरी व्हायला हवी, हे त्यांना कळलं होतं. खाजगी कंपनीच्या मुलाखतीला राखीव जागा नाही. तिथं बोर्डिंगाची गरज उलट जास्त.

जाता जाता एक सांगितलं पाहिजे, नाहीतर मी कंपन्यांचा भाट ठरेन. ही मुलाखत म्हणजे काही सोन्याचा कस नव्हे. २०१५ साली मॅक्स हॉवेल या प्रोग्रॅमरनं जाहीरपणे लिहिलं होतं की गूगलचे बहुतेक इंजिनिअर त्यानं लिहिलेलं होमब्रू हे सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर एक बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून गूगलनं त्यालाच नाकारलं. त्याच्या दोन वर्षं आधी गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी कबूल केलं होतं की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील असली कोडी निव्वळ वेळेचा अपव्यय होती. आणि २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला. निम्म्यांनी तो परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत सोडवायचा, निम्म्यांनी खोलीत एकट्यानं. नुसतं कुणीतरी बघतंय एवढ्यानं कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकासमोर उभ्या केलेल्या मुलींपैकी एकीलाही तो सुटला नाही. एकट्या सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना सुटला. संख्या लहान होती, पण मला ती वाचून आमची जयसिंगपूरला गेलेली मुलगी आठवली. तेव्हा ‘नाही’ असं मेल आलं म्हणजे पोराच्या कपाळावर शिक्का बसला, असं समजायचं कारण नाही. आपण मात्र तसंच समजतो. निवड झाली की दत्तमहाराजांची कृपा. नाही झाली की पोराचा आळस. देवाचं आणि पोराचं हे वाटप कुणी करून दिलं आपल्याला?

आता जरा कडू बोलतो. उसाचं बिल जमा झालं की मधूनमधून कुणीतरी बाप माझ्याकडं येतो, चहा होतो, आणि तो आवाज खाली आणून विचारतो, “पुण्यात एक जण दोन वर्षांचा अनुभव करून देतो म्हणे. कागदपत्रं, पगाराच्या पावत्या, सगळं. फोन आला तर उत्तर द्यायला माणूस पण त्यांचाच. देऊ का?” विचारणारा माणूस लबाड नसतो. दुकानात जादा आलेले दहा रुपये तो परत करायला जाईल. पण पोरासाठी खोटा कागद विकत घेणं त्याला देणगी देऊन ॲडमिशन घेण्यासारखंच वाटतं. म्हणजे पद्धतच तशी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरनं भारतात बनावट कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं दाखवून लागलेल्या लोकांना काढून टाकल्याचं जाहीर केलं. मी त्या बापाला ते सांगतो. तो म्हणतो, “सापडले ते सापडले.” या उत्तराला माझ्याकडं उत्तर नसतं, मी चहाचा कप विसळायला उठतो.

दुसरा प्रकार मी स्वतः पाहतो. ऑनलाइन मुलाखत चाललेली असते. मी प्रश्न विचारला की मुलगा दहा सेकंद “हम्म” करतो आणि मग एकदम छापील पुस्तकासारखं बोलू लागतो. त्याच्या चष्म्याच्या काचेत दुसरी खिडकी दिसत असते, तिच्यात ओळी वर सरकताना दिसतात. एआयला विचारून तो मला वाचून दाखवत असतो. एकाचे तर ओठ आणि आवाज जुळत नव्हते. बोलणारा दुसराच कुणीतरी होता. या प्रकारांमुळं २०२५ मध्ये गूगलचे सुंदर पिचाई यांनीही एक तरी राउंड समोरासमोर घ्यायचा असं बोलून दाखवलं. म्हणजे काय होणार? वाडीच्या वरच्या खोलीतून मुलाखत देता यायची ती सोय जाणार, आणि प्रामाणिक पोराला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून रात्रभर बसून बंगळूरला जावं लागणार. खोटं एकानं बोलायचं, तिकीट दुसऱ्यानं काढायचं.

हे खोटं आणि ते मौन वेगवेगळे रोग आहेत असं मला वाटत नाही. ज्याला ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते त्याच्यापुढं दोनच रस्ते राहतात. गप्प बसणं, नाहीतर उत्तर विकत आणणं. गरीब पहिला धरतो, बिल जमा झालं की दुसरा. मी मुलाखतीत “हे मला माहीत नाही, पण मी असं शोधून काढेन” हे वाक्य ऐकलं की कागदावर चांगलं लिहितो. माझ्यासोबतचे सगळेच लिहितात. कामावर रोज हेच तर करायचं असतं. वीस वर्षं या धंद्यात घालवून मला रोज दहा गोष्टी माहीत नसतात.

पंचगंगेच्या पलीकडं कुरुंदवाड आहे. १९५६ साली तिथं जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी पुढं कॅलटेकला गेले, आकाशातले पल्सार धुंडाळत जगातल्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांत जाऊन बसले, २०२४ चं शॉ पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांची थोरली बहीण म्हणजे सुधा मूर्ती. १९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत असताना त्यांनी टाटांच्या टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात वाचली. खाली ओळ होती, महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि विचारलं, असं का? उत्तरादाखल पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, जाण्यायेण्याच्या भाड्यासकट. ही गोष्ट आपण मुलींना जिद्दीची म्हणून सांगतो. मी ती पोस्टकार्डाची म्हणून सांगतो. आपल्या घरातल्या पोरीनं उद्या असं कार्ड लिहायला घेतलं तर आपण काय म्हणू? “कशाला उगीच. मोठी माणसं ती.”

‘मुलाखत’ या शब्दाचा मूळ अर्थ भेट. भेटीत दोन माणसं असतात.

काहींना वाटेल, हा इंजिनिअर विनय आणि गुरुभक्ती सोडायला सांगतोय, तेही वाडीत बसून. तर ज्या ग्रंथाचं आपण सात-सात दिवसांचं पारायण करतो तो उघडून बघा. सबंध गुरुचरित्र म्हणजे सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद आहे. नामधारक विचारतो म्हणून सिद्ध सांगतो. एक कथा संपली की तो पुन्हा विचारतो, पुढं काय झालं, असं का झालं, मला कळलं नाही, विस्तारानं सांगा. त्याला कुणी आगाऊ म्हणत नाही. उलट विचारल्याबद्दल सिद्ध त्याच्यावर प्रसन्न होतो. तो गप्प बसला असता तर पहिल्या अध्यायातच ग्रंथ संपला असता. इतकी शतकं प्रश्नांचं पुस्तक आपण सोवळ्यात ठेवलं आणि पोरांना सांगितलं, गप बसून वाच. याच कृष्णेच्या वरच्या अंगाला, कऱ्हाडजवळच्या टेंभूत, १८५६ साली आगरकर जन्मले. त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला तो रूढीला ‘का’ विचारण्यासाठीच. म्हणजे देवाकडून घ्या नाहीतर सुधारकाकडून घ्या, प्रश्न या नदीला परका नाही.

मला काय हवंय ते सरळ मागतो. वाडीत भक्तनिवासाच्या इतक्या खोल्या आहेत. पौर्णिमा, गुरुवार, सुट्ट्या सोडल्या तर कितीतरी रिकाम्या असतात. त्यातली एक खोली, एक फळा, एक बऱ्यापैकी इंटरनेट, आणि पूर आला तर उचलून वर नेता येईल असा एक लॅपटॉप. पुण्या-बंगळूरात नोकरीला असलेले वाडी-कुरुंदवाडचे इंजिनिअर कमी नाहीत. दर्शनाला आले की त्यांनी तासभर तिथं बसावं आणि आपल्या मुलांचे मॉक घ्यावेत. आधी मराठीत. मोठ्यानं विचार करायला आधी आपल्याच भाषेत शिकावं लागतं. ॲरे आणि लूप हे शब्द काय, आपोआप येतात. मग इंग्रजीत. खोलीत एकच नियम असावा, ‘माहीत नाही’ म्हटल्यावर कुणी हसायचं नाही. आणि घरी? घरच्यांनी पॅकेज किती हे विचारण्याआधी आज मुलाखतीत काय विचारलं, तुला काय आलं नाही, हे विचारावं. उत्तर कळलं नाही तरी ऐकावं. पेढेवाल्या वहिनींना हॅशमॅप हा शब्द माहीत नव्हता, पण त्या मध्ये बोलल्या म्हणून त्यांच्या मुलाला तो पहिल्यांदा खराखुरा समजला.

तो मुलगा त्यानंतर पाच-सहा वेळा वर आला. बोलायला लागला. आधी नुसतं पुटपुटायचा, मग हात हलवून बोलायला लागला, एकदा तर मी प्रश्नात चूक केली ती त्यानं दाखवली आणि लगेच जीभ चावली. शेवटच्या दिवशी मी खऱ्या मुलाखतीसारखं शेवटचं पाच मिनिटांचं करून घेत होतो. प्रत्येक राउंडच्या शेवटी आम्ही विचारतो, “तुला आम्हाला काही विचारायचंय?” आमच्या भागातली मुलं दहातल्या नऊ वेळा म्हणतात, “नो सर, थँक्यू सर.” त्याला म्हटलं, काहीतरी विचार. खरोखर जे विचारावंसं वाटतंय ते.

त्यानं जरा वेळ घेतला. खाली पालखीची तयारी चालू होती, भालदार-चोपदारांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “काका, तुम्हाला पहिल्यांदा ‘नाही’चं मेल आलं तेव्हा तुम्ही घरी काय सांगितलं?”

मी त्याला खरं ते सांगितलं. मेल नव्हतं तेव्हा, पाकीट आलं होतं. ते मी फाडून नदीत टाकलं आणि घरी सांगितलं, निकाल अजून यायचाय. आठ महिने सांगत होतो. वडील दर शनिवारी अभिषेक करत होते.

“मग त्यांना कळलं कधी?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.